आधी लेबल, मग पपई

मामा औषधांच्या कारखान्यात लेबल विभागाचे प्रमुख होते. औषध कशाचं, कुणासाठी, पोटात गेल्यावर काय करतं, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं; पण बाटलीवरचं लेबल केसभर तिरकं लागलं तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. विभागाची रीतच तशी होती. लेबलं आधी छापून यायची. रिकाम्या बाटल्या ती अंगावर लावून रांगेत उभ्या राहायच्या, आणि मग पलीकडच्या दालनातून येणारी नळी त्यांच्यात जे काय असेल ते ओतायची. सगळं आयुष्य हे बघण्यात गेल्यामुळे मामांची ठाम समजूत झाली होती की वस्तूला एकदा नाव मिळालं की उरलेलं आपोआप होतं.

विभागाचा दुसरा नियम त्याहून कडक होता. लागलेलं लेबल काढायचं नाही. एका कामगाराने तिरकं लेबल नखाने सोलून पुन्हा नीट लावलं, तर मामांनी त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं होतं. ही हकीकत ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे उठायला लागले की पुन्हा सांगत.

निवृत्तीच्या दिवशी भेट काय हवी असं विचारल्यावर मामांनी उरलेली कोरी लेबलं मागितली. ती पिशवीत घालून ते घरी आले, हातपाय धुतले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. मामीच्या संसारातला सगळ्यात वाईट काळ तिथून सुरू झाला.

मामीच्या डब्यांना नावं नव्हती. कुठे काय आहे ते तिच्या हातांना माहीत असे. मामांनी एका सकाळीत सगळी फडताळं शिस्तीत आणली.

"अहो, या साखरेच्या डब्यात मी बटणं ठेवलीत."

"मग बटणं काढ. डबा साखरेचा आहे."

"डबा माझा आहे!"

"लेबल वाच," मामा म्हणाले.

मामीने वाचलं. 'साखर. मोजून वापरावी.' मामीचं वजन वाढलंय, असा निष्कर्ष मामांनी त्याच आठवड्यात काढून तिचं गोड बंद केलं होतं.  मात्र काही दिवसांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली. लेबल लावलेला डबा मामा पुन्हा कधीच उघडत नसत. त्यांच्या लेखी तो विषय मिटलेला असे. मामी दुकानातून कागदात गुंडाळलेल्या गोड दुधाच्या गोळ्यांचं मोठं पाकीट घेऊन आली, ते 'धणे' असं लिहिलेल्या डब्यात रिकामं केलं आणि झाकण घट्ट लावलं.

तरीही दिवसभर माणूस मागे उभा असे. फोडणी का करपली, झाकण का उघडं, नळ का ठिबकतोय. मामी एकदा मला म्हणाली, "तुझे मामा कारखान्यात होते तेव्हा माझा नवरा होते. आता माझे साहेब झालेत."

तिची सुटका केली ती एका रोपाने.

मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडाजवळ, मामीने कधीतरी फेकलेल्या बियांमधून एक पपई उगवली. सांडपाण्यावर ती अशी तरारली की बघता बघता मामांच्या खांद्याला आली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, आत जाऊन लेबल आणलं आणि बुंध्याला दोऱ्याने बांधलं: 'पपई. अत्यंत गोड. पोटाच्या सर्व तक्रारींवर गुणकारी.'

झाड तेव्हा कमरेएवढ्या काठीवर छत्रीसारखी पानं धरून उभं होतं. त्याला कळीही आली नव्हती.

पण लेबल लागलं होतं. मामांनी आता पपईची माहिती जमवायला घेतली. जो भेटेल त्याला विचारायचं, जे सांगेल ते खरं धरायचं. पानांचा रस तापावर. बियांची पूड जंतांवर. चीक पायाच्या कुरुपावर. साल तोंडावर घासली की कांती उजळते. पिकलेलं फळ बद्धकोष्ठावर, आणि कच्चं फळ कशावर यावर दोन मतं होती म्हणून मामांनी दोन्ही लिहून ठेवली. पंधरवड्यात फडताळाच्या खालच्या कप्प्यात बाटल्यांची रांग उभी राहिली. सगळ्या रिकाम्या, सगळ्यांना लेबलं.

मामीलाही पपई माहीत होती, पण वेगळी. बाजारातून आणलेल्या कच्च्या पपईचे दोन तुकडे ती चिवट मटणात टाकायची आणि मटण लोण्यासारखं व्हायचं. कधी मांस पपईच्याच पानात गुंडाळून तासभर ठेवायची. कच्ची किसून मीठ-लिंबू लावायची, उरलीच तर लोणच्यात घालायची. पिकलेल्या फोडींवर लिंबू पिळून ताटलीत वाढायची. यातल्या कशालाच गुणकारी म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही खायचो आणि ताटली पुसायचो.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला शिंपी. कोपऱ्यावर त्याचं दुकान, पायाने चालवायचं मशीन, आणि उजव्या तळव्याला जुनं कुरूप. मामांनी देठ मोडून पांढरा चीक काढला आणि स्वतःच्या हाताने लावला. चार दिवसांनी शिंपी लंगडत आला.

"मामा, कुरूप गेलं."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"त्याच्या शेजारचा पाय पण गेला थोडा. कातडी सोलून निघालीय. आता डाव्या पायाने मशीन मारतोय. कालपासून सगळ्या पँटी डावीकडे झुकतायत."

"रोग बाहेर पडतोय," मामा गंभीरपणे म्हणाले. शिंप्यालाही ते बरं वाटलं. आपल्या पायातून काहीतरी मोठं बाहेर पडतंय, ही कल्पना त्याला आवडली असावी. त्याने गल्लीभर सांगितलं की कुरूप गेलं. बाकीचं सांगितलं नाही.

मग लोक यायला लागले. दार वाजायचं आणि बाहेरून आवाज यायचा, "मामा आहेत का?" मामा सदरा घालून बाहेर जायचे. तापाला पानांचा रस, तो इतका कडू की पेशंट घाईघाईने बरा व्हायचा. जंतांना पूड. ही पूड मात्र खास होती. झाडाला फळ नसल्यामुळे बिया नव्हत्या, आणि मामांनी मामीला बाजारच्या पपईच्या बिया वाळवून कुटायला सांगितल्या होत्या. मामीने एकदा उन्हात पसरल्या, त्या पाखरांनी नेल्या. दुसऱ्यांदा तिने सरळ डब्यातली काळी मिरी कुटली आणि बाटलीत भरली. रंग तोच, तिखटपणा साधारण तोच. शिंप्याच्या बायकोने ती मधातून घेतली, दहाबारा शिंका दिल्या आणि खूप हलकं वाटतंय म्हणाली. तिला मुळात जंत होते का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

मामीचं स्वयंपाकघर तिला परत मिळालं होतं. ती पुन्हा गुणगुणायला लागली.

आणि मग झाडाला फुलं आली.

ती बुंध्याला चिकटून आली नाहीत. लांबच लांब, लोंबत्या दांड्यांना फुटली. फिकट पिवळी, बारीक, आणि संध्याकाळी त्यांचा मंद गोड वास दगडापर्यंत यायचा. वाऱ्यावर ते घोस कानातल्या डुलांसारखे हलायचे. मामीच्या माहेरी पपयांची रांग होती. तिने एकदा वर पाहिलं आणि तिला कळलं की हे झाड नर आहे. याला फुलंच येणार, फळ कधीच नाही.

तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मामा दुसऱ्या दिवशी फोडणीपाशी उभे असते.

मामांनी वेगळाच हिशेब मांडला. "अगं, एका दांडीला इतकी फुलं! प्रत्येकाची पपई झाली तर झाड वाकेल!" त्यांनी खुर्ची आणली, लेबलं आणली, शिंप्याकडून दोरा आणला आणि एकेका घोसाला एकेका माणसाचं नाव बांधलं. शिंपी. शिंप्याची बायको. पलीकडच्या घरातले. दोन दिवसांत झाड एखाद्या कार्यालयातल्या सूचनाफलकासारखं दिसायला लागलं. सगळ्यात खालच्या, सगळ्यात भरलेल्या घोसावर लिहिलं होतं: 'मोठ्या बाई. पहिलं फळ.'

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्या अजून शिकवायच्या विचारात होत्या. त्यांचं पोट हा गल्लीचा सार्वजनिक विषय होता. रोज रात्री पाण्यात कसलीशी पूड घेतल्याशिवाय ते हलत नसे, आणि हे त्या वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगत.

"बाई, ती पूड आजपासून बंद," मामा सगळ्यांदेखत म्हणाले. "झाडाचं पहिलं फळ तुमचं. पुन्हा औषधाचं नाव काढायला लागायचं नाही."

"आणि फळ कधी?"

"लेबल लागलंय ना? मग येणारच."

बाईंनी पूड बंद केली. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या आणि समोरचाही तसाच असेल असं धरून चालायच्या.

फुलं गळू लागली. रोज सकाळी अंगणात फुलांबरोबर एखादं नाव पडलेलं असे. मामा ते उचलून पुसायचे आणि नव्या घोसाला बांधायचे. एका सकाळी बाईंचं नाव धुण्याच्या दगडावर ओलं होऊन पडलं होतं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

"मामा, झाड नर आहे म्हणतात," शिंपी एकदा हळूच म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळ्यांना बुंध्यावरचं लेबल वाचता येतं ना?"

पण रात्रभर ते कूस बदलत राहिले. नर पपईच्या बुंध्यात खिळा ठोकला की ती घाबरून फळ धरते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी हातोडा काढला. मामी दारात उभी राहून बघत होती.

"खिळ्याने नर सुधारत असते तर मी माहेराहून हातोडा घेऊनच आले असते," ती म्हणाली.

झाडातून चीक मात्र भरपूर आला. मामांनी तो कुरुपाच्या बाटलीत धरून ठेवला. फळ आलं नाही.

आणि मग बाई आल्या. एरवी ताठ चालणाऱ्या बाई एक हात पोटावर ठेवून, पायरी-पायरीने आल्या. खुर्चीत बसताना त्यांनी डोळे मिटले.

"मी सगळी नोकरी वेळापत्रकावर काढली," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटाने आता घंटा ऐकणं सोडलंय. तुमच्या शब्दावर मी पूड टाकली, मामा."

"येईलच बाई, आता..."

"रविवारी सकाळी येते. गल्लीलाही बोलावते. फळ असेल तर खाईन. नसेल तर तिथेच सगळ्यांसमोर पूड घेईन, आणि तुम्ही ती बाटल्यांची रांग आवरायची. रोग्याला खोटी आशा दाखवणं मला चालत नाही."

बाई गेल्या. मामा दाराच्या पायरीवर बसले. कारखान्यातून घरी आल्यापासून झाड उगवेपर्यंत त्यांना कुणी हाक मारली नव्हती. मारली असेल तर बाजूला व्हा म्हणायला. या झाडाने त्यांना दारावरची थाप दिली होती. रविवारनंतर ती थाप बंद होणार, आणि पुन्हा डबे, नळ, झाकणं.

शनिवारी ते बाजारात गेले आणि पिशवीत काहीतरी लपवून आले. मामीने पिशवी उघडली. आत एक मोठी, पिवळी पडू लागलेली पपई होती.

"अहो, हे काय?"

"माल यायला उशीर झाला की आम्ही शेजारच्या विभागातून उसना घ्यायचो," मामा म्हणाले. "लेबल आपलंच असतं. रुग्णाला काय फरक पडतो?"

मामीने कपाळाला हात लावला. पण शिडी तिनेच धरली.

रविवारी सकाळी गल्ली अजून दात घासत होती. मामा शिडीवर चढले, पपईच्या देठाला सुतळीचा फास लावला आणि ती बाईंच्या नावाशेजारी लोंबत्या दांड्यात टांगली. दांडी बिचारी वाकली, पण तुटली नाही. मग मामीला ते दिसलं. फळाच्या पोटावर फळवाल्याचं लेबल होतं. हिरवं, गोल, त्यात हसणारा सूर्य.

"अहो, ते सोला ना!"

मामांनी हात पुढे नेला. नख लेबलाच्या कडेला लागलं आणि तिथेच थांबलं. लेबल छान सरळ लागलं होतं. कडा कुठेही उचललेल्या नव्हत्या. मामा त्याच्याकडे बघत राहिले.

"अहो, लोक येतील!"

"लागलेलं लेबल काढायचं नसतं."

"आत्ता? आत्ता नियम आठवला?"

"मी एका माणसाची नोकरी घालवलीय यासाठी," मामा म्हणाले, आणि त्यांनी पपई फिरवून लेबल बुंध्याकडे केलं.

लोक आले. शिंपी, त्याची बायको, पलीकडचे, आणि सगळ्यांच्या पुढे बाई, एका हातात पुडीचं पाकीट घेऊन. सगळ्यांनी वर पाहिलं. पिवळ्या नाजूक फुलांच्या गर्दीत ती एकटी दांडगी पपई फाशी दिल्यासारखी लटकत होती. 

"आली," मामा घशातल्या घशात म्हणाले.

सुतळीला पीळ होता. तो आता सुटायला लागला. पपई अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी फिरू लागली. मामी पदराचं टोक चावत होती. पाव फेरा झाला, अर्धा झाला, आणि हिरव्या गोलातला सूर्य उगवावा तसा पुढे येऊन गल्लीकडे बघून हसला.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "ताजी फळं. रोज सकाळी मंडईत."

शिंपी हसायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी नुसती नजर वळवली. शिंप्याचं तोंड मिटलं. तो त्यांच्याच वर्गात होता.

"हे तुम्ही लावलंत?" बाईंनी विचारलं.

"लेबल? नाही बाई. लेबल मी लावलेलं नाही."

"आणि फळ?"

मामांनी मान खाली घातली. "फळ मी लावलंय."

"लेबल काढलं का नाहीत? कुणाला कळलंही नसतं."

"लागलेलं लेबल काढत नाही मी," मामा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही, आणि त्यांनी पुढच्यांना विचारलं, आणि पुढच्यांनी सांगितलं, आणि मग मात्र सगळं अंगण हसलं.

बाई हसल्या नाहीत. "आयुष्यभर कॉप्या पकडल्या मी," त्या म्हणाल्या. "पण बाकावर पुस्तक उघडं ठेवून, वर त्या पुस्तकाचा मान राखणारा पहिल्यांदाच पाहिला. उतरवा ते. यात फळाचा काय दोष? आणि माझ्या पोटाचा तर अजिबात नाही."

मामीने पपई कापली. बाईंनी लिंबू पिळून ताटलीभर खाल्ली, लगोलग पाण्यात पूडही घेतली, आणि दुपारपर्यंत जे व्हायचं ते झालं. कशाने झालं यावर गल्लीत दोन तट पडले ते अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मामा धुण्याच्या दगडावर बसून असायचे. मामी आतून कान देऊन असायची. कधी पावलं ओट्याकडे वळतील आणि कधी आवाज येईल, फोडणी का करपली. पण पावलं वळली नाहीत, आणि त्याने तिला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी मामा उठले आणि खुर्चीवर चढले. गळलेली नावं त्यांनी पुन्हा बांधली नव्हती; आता नुसती फुलं. त्यांनी एक फूल तोडून उघडलं, आत पाहिलं, वास घेतला. एवढे महिने त्या झाडाखाली काढून त्यांनी फूल पाहिलंच नव्हतं. मग खाली उतरून त्यांनी कोरं लेबल घेतलं आणि बराच वेळ विचार करून लिहिलं: 'पपई. नर. फळ धरत नाही. पानं मिळतील.' बुंध्यावरचं जुनं लेबल त्यांनी काढलं नाही. नवं त्याच्याखाली बांधलं.

मग ते बाटल्यांकडे वळले. जंतांची पूड उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, एक मोठी शिंक आली.

"अगं, ही मिरी आहे!"

"हो," मामी म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मामांनी लेबल लिहिलं: 'मिरी.' चिकाच्या बाटलीवर लिहिलं: 'कुरूप जातं. पायही जातो.' शिंप्याने ते संध्याकाळी वाचलं आणि पहिल्यांदाच म्हणाला की हे मात्र अगदी बरोबर आहे. जाताना त्याने तापासाठी दोन पानं मागून नेली.

आता मामांना चटक लागली. ते स्वयंपाकघरात आले. पण मामीला काही न सांगता, काही न विचारता, एकेक डबा उघडून आधी आत बघत होते आणि मग लिहीत होते. साखरेचा डबा उघडला. 'बटणं', त्यांनी लिहिलं. मीठ निघालं ते मीठच होतं. पुढच्या डब्यात सुया होत्या. मामी कणीक मळत होती. तिची बोटं कणकेतच थांबली. मामा धण्यांच्या डब्यापाशी आले होते.

झाकण घट्ट होतं. त्यांनी ते पोटाला टेकवून उघडलं आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मामी पाठमोरी उभी राहिली होती, पण तिचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते.

कागदाचा बारीक आवाज झाला. मग काहीच नाही. मग मामांनी झाकण लावलं, अंगठ्याने घट्ट दाबलं आणि डबा होता तिथे, लेबल समोर येईल असा ठेवला.

"धणे संपत आलेत," ते म्हणाले. गाल एका बाजूने फुगला होता. "उद्या घेऊन येतो."